नवी आवृत्ती

"एकच पुरे," भाचा म्हणाला. "नवी आवृत्ती खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर टाका. आत्याला जुनीच राहू दे. तिचा हात बसलाय त्यावर."

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाने समजूतदारपणे मान हलवली. अशी मान तो दिवसातून दहा छापखान्यांत हलवत असावा.

आत्या आपल्या खुर्चीत बसून ऐकत होती. भावाने हा छापखाना काढला तेव्हापासून इथल्या प्रत्येक पुस्तकाचं पान न् पान तिने लावलं होतं. भाऊ गेला, भाचा मालक झाला, तरी पुस्तकं तिच्याच टेबलावर येत होती. खिडकीजवळ आता एक तारखेपासून नवी डिझायनर बसणार होती. नवी आवृत्ती तिकडे म्हणजे पुस्तकंही तिकडेच, हे न कळण्याइतकी आत्या दुधखुळी नव्हती. तिच्या वाट्याला व्हिजिटिंग कार्डं उरणार होती, आणि पावतीपुस्तकं.

"माझी एक फाइल उघडून दाखवा त्यात," ती म्हणाली. "बागकामाचं पुस्तक."

विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने आपल्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि तोंडावर पडला. पहिल्याच पानावर 'पर्ण'चं 'पण' झालं होतं. त्यावरचा रफार दोन शब्द पुढच्या 'खत'वर जाऊन बसला होता. तिथे आता 'खर्त' दिसत होतं.

भाच्याला हेच हवं होतं. "बघ! म्हणून म्हणतो आत्या, तुझं जुनंच बरं. उगाच डोक्याला ताप कशाला?"

"आमच्या सॉफ्टवेअरचा दोष नाही हं, काकू," विक्रेता घाईघाईने म्हणाला. "तुमच्या फाइलमध्येच काहीतरी गडबड आहे."

"आहेच. मीच केलीय," आत्या म्हणाली. "जुन्या आवृत्तीतला रफार जाड. रेघेला चिकटायचा आणि छापल्यावर नुसता शाईचा ठिपका दिसायचा. मग मी तो काढायचे, बारीक रफार वेगळ्या चौकटीत करायचे आणि अक्षरावर नेऊन ठेवायचे. एकेक, नजरेने. आता तुमच्याकडे मजकूर सरकला आणि चौकटी राहिल्या जागच्या जागी."

भाचा बघतच राहिला. "सगळ्या पुस्तकांत?"

"सगळ्या."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"नीट दिसत होतं तोवर कुणी विचारलं नाही."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. कोरं पान घेऊन 'पर्ण' टाइप केलं. रफार आपसूक बसला, बारीक, रेघेपासून केसभर वर. मग 'गर्द'. मग 'सूर्य'. एकही चिकटला नाही. आत्याला आधी राग आला. आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी तिने हे रफार उचलून ठेवण्यात घालवल्या होत्या, आणि हे यंत्र तेच काम न सांगता करत होतं. मग तिला इतका आनंद झाला की तिने उगाचच 'दुर्मीळ' टाइप करून पाहिलं.

"हे मला हवंय," ती म्हणाली.

भाचा चुळबुळला. "अगं, पण शिकायला वेळ जाणार. आणि दोनेक वर्षांत तू थांबणारच आहेस."

"कोण म्हणालं?"

भाच्याने विक्रेत्याकडे पाहिलं. विक्रेत्याने छताकडे.

"मी थांबणार हे घरात सगळ्यांना ठाऊक, छापखान्यात सगळ्यांना ठाऊक," आत्या म्हणाली. "मलाच तेवढं कुणी कळवलं नाही."

"तसं नाही गं." भाच्याने सूर बदलला. "बरं, तू असं कर. जुन्या फाइली तू दुरुस्त कर. तुझ्याशिवाय कुणाला सापडणार आहेत ते रफार? नवी पुस्तकं नवी डिझायनर करेल."

ही बोळवण आहे हे आत्याला लगेच कळलं.

"जुन्या करीनच. मी करून ठेवलंय, मीच निस्तरीन. पण नवं पुस्तकही याच टेबलावर येणार. तुझ्या डिझायनरला हवी तर दुसरी प्रत घे, मी शिकवीन तिला. आधी माझ्या कॉम्प्युटरवर टाका."

भाच्याने हात टेकले. विक्रेत्याने मात्र वेळ न दवडता फॉर्म काढला. "परवान्याची मुदत किती लिहू? एक वर्ष, तीन की पाच?"

"एक," भाचा म्हणाला.

"पाच," आत्या म्हणाली. तिला एकसष्टावं चालू होतं. "आणि संपायच्या महिनाभर आधी मला फोन करा. माझं पुस्तक अर्ध्यावर असेल."