जप्त झालेले लाडू

"माकडंच बघायची तर लक्ष्मीबाई नगरात काय कमी होती, यार?" बालीच्या जंगलात रेवती तिच्या दिल्लीतल्या शेजारणीला, प्रमोदिनीला, चिडवत होती. रेवतीनं प्रवासासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा प्रमोदिनीच्या सामानात होता. तो कस्टमवाल्यांनी काढून घेतल्याचं प्रमोदिनीनं विमानतळावरच सांगितलं. तेव्हापासून दोघी पावावर दिवस काढत त्या मेल्यांना शिव्या घालत होत्या.

इतक्यात एका माकडानं प्रमोदिनीची झोळी हिसकावली आणि फांदीवर बसून तिच्यातून स्टीलचा डबा काढला. त्यावर सासूबाईंनी कोरून घेतलेलं आपलं नाव रेवतीला खालूनही ओळखू आलं.

 

माकडानं झाकण उघडून डबा उपडा केला. एकच लाडू पडला.