भीतीचं माप

कामरानची गाडी कसब्याच्या गल्लीतून बाहेर पडली आणि जुबेदाने मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. साडेनऊ वाजले होते. खराडीतल्या ऑफिसात तो साडेदहाला पोचतो. तोवर फोन नाही, मेसेज नाही, त्याचं ‘लास्ट सीन’ही बघायचं नाही, असं समुपदेशक निकिताबाईंशी ठरलं होतं.

मागे एकदा तो वाटेत असतानाच तिने सात फोन केले होते. सातवा घ्यायला कामरानने चालत्या गाडीवर खिशात हात घातला आणि पुलावर घसरला. हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये. जपणाऱ्या आईनेच पोराला पाडलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. त्यानंतर आज तो पहिल्यांदाच गाडीवर गेला होता.

भीतीला शंभरपैकी गुण द्या, असं बाईंनी आधी सांगितलं होतं. जुबेदाला काही ते जमेना.

“अहो, तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी. इंचात विचारा.”

बाई हसल्या. मग त्यांनी तिच्या मापाच्या वहीतच रकाने आखले. “माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावता का? तसा पुरावा बघितल्याशिवाय फोन लावायचा नाही.”

आता जुबेदाने त्याच वहीत लिहिलं. विचार : पुलावर पडला असेल. पुरावा : नाही. भीती : बावन्न इंच. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय!

ती मशीनवर बसली. बाही उलटी जोडली गेली. उसवून पुन्हा लावली. दहा वाजता उठून डब्यापर्यंत गेली, झाकणावर हात ठेवला, तशीच परत आली. “नाही म्हणजे नाही,” ती मशीनला म्हणाली. सव्वादहाला वहीत लिहिलं, चव्वेचाळीस.

साडेदहा वाजले. आता बघायला मुभा होती, पण दोन हुक राहिले होते. ते लावूनच उठायचं, तिने ठरवलं. दुसऱ्या हुकाला तांदळातून फोन वाजला.

“अम्मी, तू ठीक आहेस ना?” कामरान होता. “एकसुद्धा फोन नाही तुझा! मला वाटलं, तुला काहीतरी झालं.”

“तू कुठायस?”

“ऑफिसात. मघाशीच पोचलो.”

जुबेदाने डोळे पुसले. वहीचं कोरं पान उघडून वर ‘कामरान’ लिहिलं आणि पेन्सिल सरसावली.

“फोन आला नाही म्हणजे मला काहीतरी झालं, याला पुरावा काय?”

पलीकडून हळूच, “काही नाही.”

“बरं. भीती किती वाटली? इंचात सांग.”