बिनखुणेच्या रोट्या

"या दोन कुणाच्या?" तय्यिबनं फळीवरच्या रोट्यांकडे बोट दाखवलं.

भट्टीवाला बा अल्लाल घाम पुसत राहिला. मोरोक्कोतल्या फेज शहराच्या या मोहल्ल्यात प्रत्येक घर कणकेवर आपली खूण उठवूनच ती भाजायला धाडतं. या दोन मात्र कोऱ्या होत्या.

"विसरली असेल एखादी सून. हल्लीच्या सुनांचं काय सांगावं, बाबा!"

"आठवडाभर रोज विसरते?"

म्हाताऱ्यानं पुढची रोटी भट्टीत सारली. फ्रेंचांविरुद्ध पत्रकं छापणारा जखमी मास्तर आठवड्यापूर्वी याच बोळांत नाहीसा झाला होता. फ्रेंच साहेबानं तय्यिबला रोखठोक सांगितलं होतं: दुपारच्या बांगेआधी मास्तर लपलाय ते घर दाखव आणि धाकट्या भावाला, हम्मूला, घेऊन जा, नाहीतर त्याला उद्या गोळी घालू. आईला या सौद्याचा पत्ता नव्हता. हम्मूला धरून नेल्यापासून बिचारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आज सकाळीही तिनं स्वतःची अर्धी रोटी तय्यिबपुढे सारली होती.

रोट्या घरोघर पोचवणाऱ्या रहमा नावाच्या बाईनं फळी डोक्यावर घेतली. तय्यिब वीस पावलं मागे राहून निघाला. त्याच्या मागे साध्या कपड्यातला एक शिपाई होता.

बाई भलतीच बेरकी. चांभारआळीत शिरली, रंगाऱ्यांच्या गल्लीतून बाहेर पडली, एकाच कारंज्यापाशी दोनदा आली. दारोदार रोट्या उतरत होत्या. मध्येच लादलेलं खेचर आडवं आलं आणि तय्यिब भिंतीला चिकटला. निसटली, असं वाटून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या वळणावर फळी दिसली. तिच्यावर आता त्या दोनच उरल्या होत्या.

रहमा बायकांच्या बोळात वळली. मिसरूड फुटल्यापासून तय्यिबनं इथं पाऊल टाकलं नव्हतं. कुठलाच पुरुष टाकत नसे. मागच्या दारांनी एकमेकींकडे जाण्यायेण्याची ती बायकांची वाट. तो अडखळला. मग लाज गुंडाळून आत शिरला.

एकसारख्या बुटक्या दारांपैकी एकापाशी ती थांबली.

मास्तरनं त्याला लहानपणी अक्षरं शिकवली होती. तय्यिबला भडभडून आलं. तरीही त्यानं मागे वळून हात वर केला. शिपायानं दार नीट पाहून घेतलं आणि बाकीच्यांना आणायला धावला.

दार किलकिलं झालं.

"आण लवकर," आतून त्याच्या आईचा आवाज आला. "तय्यिब पुढच्या दारानं यायच्या आत मास्तरांना जेवू घालायचंय."