वीतभर वर

"तुम्ही टॉवरचं नाव घ्या," कोच म्हणाला. "तोंड भरून कौतुक करा. म्हणजे मालक भिंगरीला ठेवतील."

मॅनेजर चष्मा पुसत राहिला. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, ओल्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी दोघे उभे होते. क्लबात गुपचूप बोलायला एवढी एकच जागा होती, आणि तिथे फार वेळ कोणाला उभं राहवत नसे.

टॉवर आणि भिंगरी हे दोन तरुण खेळाडू होते आणि लांब मुदतीचा करार एकालाच मिळणार होता. बास्केटबॉल लीगचं कार्यालय संध्याकाळी बंद व्हायच्या आत नाव कळवायचं होतं.

मालकांची रीत क्लबात सगळ्यांना पाठ होती. मॅनेजर पंखा लावू या म्हणाला, की ते खिडकी उघडायचे. मॅनेजरने निळे गणवेश सुचवले, म्हणून संघ पिवळ्यात खेळायचा आणि दुरून केळ्यांच्या घडासारखा दिसायचा.

"म्हणजे मी खोटं बोलू?" मॅनेजरने विचारलं.

"एकदाच. माझ्यासाठी."

"मला नाही हो जमत."

"तोच तर फायदा. कोणाला संशय यायचा नाही."

मॅनेजरचा फोन वाजला. "हां, सुतारदादा. अजून वीतभर वर घ्या. भिंत फुटली तर फुटू द्या."

"घरी काय काढलंय?"

"दाराची चौकट उंच करतोय. नवं कपाट यायचंय."

कोचला तेवढ्यातही हसू आलं. मॅनेजर त्याच्या खांद्यालाही लागत नसे. "एवढं उंच? वरच्या फळीवरचं काढणार कोण?"

"मुलीने पसंत केलंय. एकुलती एक. तिची आई गेल्यापासून तिच्यापुढे माझं काय चालतं?"

"मग आडवं करून आत न्या."

"आडवं नेलेलं तिला चालायचं नाही," मॅनेजर गंभीरपणे म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

मालकांच्या दालनाबाहेर दोघं पोरं बाकावर बसली होती. टॉवर अदबीने उभा राहिला आणि त्याचं डोकं दिव्याच्या शेडवर आपटलं. त्याच्या कपाळावर कायमचं टेंगूळ होतं. कुठल्याही दारातून तो माफी मागितल्यासारखा वाकून जायचा. त्याला समुद्रापलीकडच्या एका क्लबाने बोलावलं होतं. इथून सुटला, की तो लगेच विमानात बसणार होता. त्यामुळे कोचच्या मनाला टोचणी नव्हती.

भिंगरीला कोणीच बोलावलं नव्हतं. इथून सुटला, तर काकाच्या दुकानात टायर बदलत बसायचं, हे ठरलेलं होतं. कोचने त्याला शाळेच्या मैदानावरून उचलून आणलं होतं.

"कोच, सामान बांधू का?" त्याने बोटावर चेंडू फिरवत विचारलं. चेंडू नीट फिरत नव्हता. "आईचे फोनवर फोन येतायत. काय सांगू तिला?"

"सांग, जेवून घे म्हणावं," कोच म्हणाला आणि आत गेला.

मालक चहा ढवळत होते. "बोला मॅनेजर. कोणाला ठेवायचं?"

"टॉवरला," मॅनेजर म्हणाला. "मुलगा सरळ आहे. उलट बोलत नाही. कसलं व्यसन नाही. मोठ्यांचा मान राखतो. एकदा आपलं म्हटलं, की सोडून जाणाऱ्यातला नाही."

गडी अति करतोय, असं कोचला वाटलं. टॉवरच्या उडीबद्दल, त्याने अडवलेल्या चेंडूंबद्दल एक शब्द नाही. पण आवाज इतका खरा लागला होता, की कोचनेही पुढचा डाव टाकला.

"माझंही तेच मत," तो म्हणाला. "भिंगरी नसला तरी चालेल."

मालकांनी चमचा बशीत ठेवला.

"कोच, क्लबात म्हणे असं बोलतात, की मॅनेजर डावीकडे म्हणाले की मी उजवीकडे जातो."

"छे! कोण म्हणतं?"

"कोणी का म्हणेना. कोणीही हवं तसं फिरवायला मी काय नळ आहे?" मालकांचे कान लाल झाले होते. "आज मी यांचंच ऐकणार. टॉवर राहील. भिंगरीला निरोप द्या."

"मालक, जरा विचार..."

"तुम्हीच म्हणालात ना, नसला तरी चालेल?"

कोचने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर मान खाली घालून चष्मा पुसत होता.

कोच बाहेर आला. भिंगरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चेंडू काखेत मारला.

"बांधतो मग सामान," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि थांबला. "कोच, तुम्ही माझ्या बाजूने बोललात ना?"

कोचने बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

लीगचं कार्यालय बंद झाल्यावर तो मॅनेजरच्या घरी निघाला. पोराचं तर वाटोळं झालंच होतं, वर आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाला आपण खोटं बोलायला लावलं. निदान त्याची तरी माफी मागायला हवी होती.

पायरीवर लाकडाचा भुसा पडला होता. कोचने बेल दाबली. आत मॅनेजरची मुलगी खळखळून हसत होती.

दार उघडलं. नव्या चौकटीचा रंग अजून ओला होता. तिच्याखाली टॉवर ताठ उभा होता, डोक्यावर वीतभर जागा राखून.

"या ना, कोच," तो अदबीने म्हणाला आणि मागे वळला. "बाबा, आपल्याकडे कोण आलंय बघा!"