आठ सेकंदांची फाईल

परीक्षेत प्रश्न होता: नेटचा वेग सेकंदाला शंभर मेगाबिट, फाईल शंभर मेगाबाइटची, तर डाउनलोडला किती वेळ लागेल? अख्ख्या वर्गानं लिहिलं, एक सेकंद. जिला सगळे मिरची म्हणतात तिनं लिहिलं, आठ. कॉम्प्युटरच्या सरांनी तिला भोपळा दिला.

"सर, एका बाइटमध्ये आठ बिट असतात. आठनं गुणायला हवं."

"आता तू मला शिकवणार? एक सेकंद म्हण आणि खाली बस. नाहीतर वर्गाबाहेर."

मिरची बाहेर गेली.

तिची खोड मोडायची म्हणून सरांनी सगळ्यांसमोर शाळेच्या शंभर मेगाबिटच्या नेटवर तेवढीच फाईल डाउनलोडला लावली. मुलं मोठ्यानं आकडे मोजायला लागली आणि आठवर थांबली.

"आज नेट मंद आहे," सर म्हणाले. "उत्तर एक सेकंदच. ज्याला आठ वाटत असेल त्यानंही चालतं व्हावं."

पहिल्या बाकावरचा चष्मिश उठला. मग त्याच्या शेजारची. मग बाकांचा नुसता खडखडाट.

तेवढ्यात मुख्याध्यापिका व्हरांड्यातून आल्या. एकोणचाळीस मुलं भिंतीला टेकून उभी.

"अगं, एवढ्या सगळ्यांना शिक्षा?"

"नाही बाई," मिरची म्हणाली, "शिक्षा सरांना झालीय. आत एकटेच बसलेत."