मोडकं बिस्कीट

"तुझं बिस्कीट परत मोडलं!" मशीन चालवणाऱ्या दादाने पिनचे दोन तुकडे माझ्या टेबलावर आपटले. नायलॉनमध्ये खडूची भुकटी किती मिसळली म्हणजे काही अडकताच ही पिन मोडेल आणि मशीन थांबेल, हे शोधण्यात माझं वर्ष गेलं होतं. आणि सगळा कारखाना तिला बिस्कीट म्हणून हिणवत होता. साहेब तर सकाळीच म्हणाले, "काचतंतू घालून पोलादासारखी कर, कटकट मिटेल." मी दादावर उसळले, "बरं, उद्यापासून न मोडणारी देते. झालं समाधान?" "देच! सगळं काम खोळंबलंय." "कशाने मोडली?" "काही नाही गं, हातमोजा ओढला गेला रोलरमध्ये." "रिकामा?" दादाने हात पाठीमागे लपवला. मी त्याचा हात ओढून तुकड्यांशेजारी ठेवला. बोटं लाल झाली होती, पण पाचही जागेवर होती. "जा, साहेबांना सांग," मी ओरडले, "फक्त बिस्कीटच मोडलं म्हणून!"