दोरीवरचं फडकं

तनयाने पिवळेधम्मक हात तोंडाकडे नेले, तशी उर्वी धावली. रुमाल पर्समध्ये, पर्स घरात. मुलांच्या रंगकामाच्या टेबलाला लागूनच गल्लीच्या तोंडावर आडवी दोरी ताणली होती आणि दोरीच्या मधोमध लाल फडकं बांधलेलं होतं. उर्वीने गाठ सोडली आणि त्याच फडक्याने लेकीची बोटं एकेक करून पुसली.

"रंग विषारी नाही ना हो?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाय वो ताई. आमची पोरं ह्यातच लोळून मोठी झाली." जनी हसली. मुलांना रंगवायला म्हणून ती हमरापूरहून वीतभर उंचीचे मातीचे गणपती घेऊन आली होती. "पीतांबर झाला. आता सोंड कोन रंगवील गो बाय?"

"मीच!" तनया म्हणाली आणि लगेच तिला पाणी हवं झालं. उर्वीने फडकं मुठीत धरलं. पाणी पाजून परत बांधायचं.

अष्टमी गावातल्या या गल्लीचा उन्हाळी महोत्सव. चारपासून गाड्या बंद. दोरी लावाच म्हणून मीटिंगमध्ये उर्वीच भांडली होती. नव्या बिल्डिंगमध्ये धाटावच्या कंपन्यांतली माणसं भाड्याने आल्यापासून शिफ्ट सुटली की बाइक सुसाट आत यायच्या. त्या बिल्डिंगमध्ये मात्र महोत्सवाचा निरोप कुणी दिला नव्हता. फडकं आहे की, दिसेल त्यांना, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

पावणेसहा. ऊन समोरून डोळ्यांत घुसत होतं. एक बाइक गल्लीत वळली, आणि दोरी चालवणाऱ्याच्या गळ्यात बसली.

तो मागे पडला. बाइक माणसाशिवाय पुढे आली. टेबल उलटलं, गणपती फुटले, तनया पाणी सांडत आपटली आणि किंचाळली. कोपर खरचटलं होतं, एवढंच. उर्वीने तिला उचलून सगळीकडून चाचपून पाहिलं. एवढंच होतं.

श्रेयसने मात्र तेवढं थांबून पाहिलं नाही. बायकोच्या कडेवरचं रडणं ऐकलं आणि तो पडलेल्या माणसाच्या पोटात लाथ घालून मोकळा झाला. "पोरांवर गाडी घालतोस?"

"गणपती फोडले रे यानं!" त्र्यंबक सर ओरडले. पस्तीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस, पण त्यांचाही हात उठला. मग सगळेच आले. कुणीतरी मांडवाचा बांबू उपसला.

माणूस काहीतरी सांगू पाहत होता. गळ्यातून नुसता घोगरा वारा येत होता. तो हात वर करून नव्या बिल्डिंगकडे दाखवत राहिला.

"बघा, आपली माणसं बोलावतोय!"

बांबू त्या हातावर बसला. हाडाचा आवाज उर्वीपर्यंत आला. बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, वाळत घातलेल्या दुपट्यांमागे, एक बाई तान्हं घेऊन उभी होती.

"अरं, मिथुन हाय तो!" जनी मध्ये घुसली. "सकाळी माझी टोपली उतरवून दिली त्यानं! इथंच ऱ्हातो! घरी चाललाय तो घरी! सोडा त्याला!" कुणाच्या तरी कोपराने ती मातीच्या चुऱ्यात जाऊन पडली.

उर्वीने तोंड उघडलं. थांबा, असा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"दोरी दिसली नाही का रे तुला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

उर्वीने मुठीकडे पाहिलं. मग तनयाला कडेवर सावरून ती दोरीजवळ गेली. दोरी अजून थरथरत होती. तिने फडकं बांधलं. एक गाठ, वर दुसरी गाठ. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या.

त्र्यंबक सरांनी मिथुनचं डोकं केस धरून वर केलं आणि दोरीकडे फिरवलं. "एवढं लाल फडकं दिसलं नाही? आँ?"

मिथुनने फडक्याकडे पाहिलं. रक्ताने एक डोळा मिटला होता, दुसऱ्याने तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने नाही अशी मान हलवली.

"वर खोटं बोलतोय," श्रेयस म्हणाला आणि त्याने बांबू मागून घेतला.

जनी उठली. केसांत माती, हात रिकामे. ती दोरीपाशी आली. मूर्तीवर रंग वाळला का बघावं, तसं तिने फडक्याचं टोक चिमटीत धरून चोळलं. मग आपलं पिवळं झालेलं बोट पाहिलं. मग तनयाला. मग उर्वीला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "रंग ओला हाय अजून."

मागे बांबू पुन्हा खाली आला. उर्वीने लेकीचे दोन्ही हात आपल्या ओढणीखाली घेतले.